भांड्याच्या कडेचं विरजण

होळीचा रंग

रेल्वेच्या सिग्नल खात्यात मी आजवरची सगळी नोकरी केली. पिवळा दिवा दिसला की पुढे जा, पण थांबायची तयारी ठेवून जा, हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेल याची गणती नाही. त्याच माणसाचे स्वतःचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला वाटलं, होळीचा रंग राहिला असेल.

झाशीची होळी साधीसुधी नसते. आठवडाभर कानामागे गुलाल सापडत राहतो. त्यामुळे ऑफिसातले तिवारीजी चहा पिता पिता माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "लघाटे जी, तुमाई आँखें तो हरदी-सी हो रईं," तेव्हा मी उत्तर दिलं की तुम्हीच फासलेला रंग आहे, आता तुम्हीच उतरवा. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

अंगाला खाज सुटली होती, तिचा दोषही मी रंगालाच दिला. पँट सैल झाली होती, त्याचं श्रेय मी सकाळच्या फिरण्याला दिलं. माझी बायको सुनंदा म्हणाली, तुमचं फिरणं कचोरीच्या दुकानापर्यंत असतं, त्यानं माणूस वाळत नाही. लघवी काळ्या चहासारखी होत होती, ते मी कुणाला सांगितलंच नाही. पन्नाशी ओलांडलेला पुरुष या विषयावर घरात काय बोलणार?

शेवटी एका सकाळी मी गच्चीवर आरसा टेकवून दाढी करत होतो आणि सुनंदा कपडे वाळत घालायला आली. उन्हात तिनं माझे डोळे बघितले. हातातला ओला टॉवेल तसाच बादलीत टाकून खाली गेली आणि भावाला फोन लावला.

माळ

सुनंदाचे मोठे भाऊ शामराव प्रेम नगरात राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय तयार असतो, फक्त अडचण यायचा अवकाश. ते आले, माझी खालची पापणी ओढून बघितली आणि निकाल दिला: पीलिया. मराठीत कावीळ म्हणतात हे त्यांना ठाऊक आहे, पण झाशीत आजारांची नावं हिंदीतच घेतली तर ते लवकर बरे होतात असा त्यांचा समज असावा.

टहरौली गावाकडे एक जण पीलिया झाडतो. वनस्पतीच्या काड्यांची इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची, ती आपोआप वाढत वाढत खाली सरकते, आणि पायाशी पोचली की रोग उतरला. गव्हाची कापणी चालली होती, त्या धुळीतून शामरावांनी मला गाडीनं तिथे नेलं. ज्यानं उभी हयात दोन गाड्या एका रुळावर का येऊ शकत नाहीत हे आकृत्या काढून शिकवलं, तो मी, एका अंगणात डोक्यावर काड्यांचं कडं घेऊन दिवसभर बसलो होतो. कोंबड्या बघून जात होत्या.

संध्याकाळी माळ पायाशी आली. शामराव म्हणाले, उतरला. परतताना मी गाडीच्या आरशात बघितलं. माळ उतरली होती, पिवळेपणा होता तिथेच होता.

हसू आलं तर हसा, पण हे वाचणाऱ्याला एक सांगून ठेवतो. माझं काहीही दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे मोठं काही नसणार, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. न दुखणारी कावीळ अंगावर काढू नका.

सिविल लाइन्सच्या खोलीत

सोनोग्राफी झाली, मग आणखी मोठ्या यंत्रातून जाऊन आलो. सिविल लाइन्समधल्या एका वयस्कर डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पैंक्रियाज़ के सिरे पर गाँठ है, लघाटे जी। पित्त की नली उसी से दबी है।" मग माझ्याकडे बघितलं. "इसको हल्के में मत लीजिए।"

लोक म्हणतात, अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. माझी जीभ सरकली. मी त्यांना विचारलं, यंदा आंबे खाल्ले तर चालतील का? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पहिले ऑपरेशन की सोचिए. तेव्हा मला खरी भीती वाटली. आंब्यांना ते नाही म्हणाले असते तर इतकी वाटली नसती.

आणि त्याच वेळी माझ्या दोन्ही बाजूंना माझ्या माणसांनी घरचा रिवाज चालू केला. शामराव अगदी शांत चेहऱ्यानं, डॉक्टरांकडे बघत, मराठीत म्हणाले की याचं यंत्र जुनं दिसतंय, याच्यावर जाऊ नका. सुनंदा तशाच शांत चेहऱ्यानं म्हणाली, दादा, यांच्यासमोर नको, म्हणजे माझ्यासमोर. डॉक्टर समजूतदारपणे मान हलवत राहिले.

हा रिवाज समजावून सांगायला हवा. आमची घराणी पेशव्यांच्या काळात इकडे आली, कुणी कारभाराला, कुणी पूजेअर्चेला. भोवती सगळी हिंदी आणि बुंदेली. मराठी उरली ती घरापुरती, आणि घराबाहेर तिचा एकच उपयोग: लोकांसमोर लोकांपासून लपवणं. भाजीवाल्यासमोर वांगी किडकी आहेत हे सांगायला मराठी. पाहुण्यांसमोर पोळ्या पुरतील का हे विचारायला मराठी. मुलगी बघायला आलेल्यांसमोर मुलगा बुटका आहे हे सांगायलाही मराठीच. आमच्यासाठी ती मातृभाषा कमी आणि पडदा जास्त.

आमची मुलगी गौरी हा पडदा आतून ओळखते, पण तिला तो ओढता येत नाही. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत. कॉलेजात वादविवादाच्या स्पर्धा जिंकून येते. जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. मराठी तिला बोलता येते ती आईच्या हाताखाली स्वयंपाकघरात शिकलेली तेवढी, म्हणजे भांडी, डाळी, दूधदुभतं आणि रागावणं.

पुण्यात

ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं. सुनंदाच्या चुलत बहिणीचा फ्लॅट रिकामा होता आणि पुण्यात या ऑपरेशनचा एक चांगला सर्जन आहे असं चार जणांनी सांगितलं. शामराव बरोबर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले नसते तर मला जास्त भीती वाटली असती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सर्जन आत आला आणि आमच्या तिघांच्या मनात एकच विचार आला. तो शामरावांनी, झाशीच्या सवयीनं, शांत चेहऱ्यानं, त्याच्याकडेच बघत उच्चारला.

"हा तर पोरगा दिसतोय. याच्या हातात पोट द्यायचं?"

सुनंदा तितक्याच शांतपणे म्हणाली, "दाढीसुद्धा धड आलेली नाही, दादा."

सर्जननं हातातला कागद वाचून संपवला. चष्मा काढला. "काका, दाढी मी सकाळीच केली आहे," तो म्हणाला. "आणि वय दिसतं त्यापेक्षा बरंच आहे. पोट द्यायला हरकत नाही."

शामरावांचा चेहरा मी तोवर कधी तसा बघितला नव्हता. सुनंदानं पदर तोंडाला लावला. आणि मी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पोटातून हसलो. ते पोट आता त्याला द्यायचं नक्की झालं होतं.

पण बाहेर बाकावर येऊन बसलो तेव्हा ते हसू जिरलं. त्या दालनातला प्रत्येक माणूस मराठी बोलत होता. समोरची बाई मुलाला सांगत होती की बाबांना आकडा सांगू नकोस. मागे कुणीतरी फोनवर म्हणत होतं, आता फक्त जितकं होईल तितकं. झाशीत मी ज्या भाषेत लपायचो, ती इथे चारी बाजूंनी उघडी पडली होती. मला सगळं कळत होतं, आणि मला काहीही कळून घ्यायचं नव्हतं.

पांढरे दिवे

ऑपरेशनच्या सकाळी ढकलगाडीवर घालून नेताना छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून सरकत गेले. सगळे पांढरे. सिग्नलच्या माणसाला पांढऱ्या दिव्याचं काय करायचं ते कळत नाही. थांबायचं की जायचं? सुनंदाचा हात दारापाशी सुटला. तिनं माझी चादर नीट केली, गौरी लहान असताना करायची तशी.

पुढचं मला आठवतं ते तुकड्या-तुकड्यांत. नाकातली नळी. पोटातून निघालेल्या नळ्या आणि त्यांच्या टोकाच्या पिशव्या, ज्या घेऊन मी व्हरांड्यात वरातीच्या घोड्यासारखा फिरायचो. एक उंच नर्स होती, ती रोज येऊन म्हणायची, काका, उठा, पलंग काही तुमच्या नावावर नाही. पहिल्यांदा चमचाभर पाणी मिळालं तेव्हा मी ते तोंडात इतका वेळ धरून ठेवलं की ती म्हणाली, गिळा आता, ते दागिना नाही. बारीकसारीक सुख म्हणतात ते हेच असावं. त्या चमच्याची चव मला अजून सांगता येत नाही, पण आठवते.

खिडकीजवळच्या पलंगावर एक गृहस्थ होते. माझ्यासारखंच ऑपरेशन त्यांचं आधी झालेलं. बोलायला गोड, क्रिकेटचे वेडे, मला म्हणायचे, टाके निघाले की माणूस नवा होतो. एकदा दोन शिकाऊ डॉक्टर त्यांच्या पलंगाच्या पायाशी उभे राहून हलक्या आवाजात बोलले. हलका होता, पण मराठी होता.

"सगळं काढलं होतं ना?"

"काढलं होतं. औषधंही पूर्ण झाली होती. परत आलंय."

मी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापर्यंत माझी भीती ऑपरेशनची होती. ऑपरेशन झालं की ती संपेल असं मी धरून चाललो होतो. त्या दोन शब्दांनी तिला नवीन घर मिळालं. तेव्हापासून ती तिथेच राहते.

थंड वस्तूंचे दिवस

मग पावसाळाभर आणि त्यानंतरही औषधं चालली. केमो म्हणतात त्याला. खुर्चीवर बसायचं, वरून थेंब थेंब पडत राहतो, समोरच्या खुर्चीवरचा माणूस आपल्याकडे बघून नजर वळवतो आणि आपणही वळवतो. मला दिलेल्या औषधाचा एक चमत्कारिक गुण होता. थंड वस्तूला हात लावला की बोटांत वीज शिरल्यासारखं व्हायचं. फ्रिजचं दार, नळाचं पाणी, स्टीलचा पेला. सुनंदानं मला लोकरीचे मोजे हातात घालायला लावले. आयुष्यभर तारांत काम करून मला कधी झटका बसला नाही, तो आता पाण्याच्या पेल्यानं बसायला लागला.

तोंडाची चव गेली. घरी लावलेलं दही मना होतं, रक्तातल्या पेशी कमी असताना नको म्हणून. सुनंदाला त्याचा फार त्रास झाला. तिच्या हिशोबी दही नाही ते जेवण जेवणच नव्हे. ती चिडायची, मग चिडली म्हणून रडायची, मग रडली म्हणून माझ्यावर चिडायची. मीही काही संत नव्हतो. एकदा खिचडीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट सरकवलं आणि ती उठून बाल्कनीत गेली. बऱ्याच वेळानं परत येऊन तिनं दुसरी खिचडी टाकली. त्यात मीठच नव्हतं. मी सगळी खाल्ली.

दिवाळीनंतर औषधं संपली आणि तपासणी झाली. सर्जन म्हणाला, "आत्ता काही दिसत नाही."

शामरावांनी खाली जाऊन पेढे आणले आणि दालनात अनोळखी लोकांना वाटले. सुनंदा खुर्चीत बसून राहिली, तिचे खांदे कितीतरी महिन्यांनी खाली आलेले मी बघितले. मी मात्र त्या 'आत्ता'पाशी अडकलो होतो. गौरी झाशीहून खास आली होती. ती म्हणाली, मुझे डॉक्टर साहब से दो मिनट बात करनी है, आणि आत गेली. दोन मिनिटांपेक्षा बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून राहिली, विरघळेपर्यंत.

गप्प

डिसेंबरात आम्ही घरी आलो. झाशीची थंडी पडली होती, सकाळी धुकं इतकं की गाड्यांचे भोंगे तेवढे ऐकू यायचे. ऑफिसातले लोक भेटून गेले. तिवारीजी म्हणाले, अब आँखें चकाचक. सगळं चांगलं चाललं होतं. आणि माझी भीती वाढत होती.

कारण घरात कुणीतरी काहीतरी लपवत होतं, हे मला दिसत होतं. लपवण्याची आमची एकच भाषा, आणि ती तर मलाही येते. मग गौरी आणि तिच्या आईनं नवीन मार्ग काढला. त्या बोलायच्याच नाहीत. मी खोलीत आलो की गौरी पुस्तक मिटायची. सुनंदा ओट्यावरच्या पुसलेल्या जागा पुन्हा पुसायची.

त्या शांततेत मी स्वतःची तपासणी सुरू केली. सकाळी उठल्याबरोबर आरशात डोळे. ढेकर आली तर ती कशाची. पाठ दुखली तर कुठून दुखली. पट्ट्याचं कुठलं भोक. एकदा पाठीत कळ आली आणि मी सबंध सकाळ कुणाला न सांगता कॉटवर पडून राहिलो, आता सुरू झालं म्हणून. मग लक्षात आलं की आदल्या दिवशी मी गॅसचं सिलिंडर हलवलं होतं. हसायला हवं होतं. घाम पुसला.

मराठीत सांग

दुपारी गच्चीवर ऊन खात गौरी मटार सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि सोलायला लागलो. बोटं अजून बधिर होती, दाणे ताटाबाहेर पडत होते. मी तिला विचारलं, सर्जन तुला आत काय म्हणाला?

ती हिंदीत सुरू झाली. किती छान बोलते ती. रिपोर्ट अच्छी है, बाबा, बहुत सारे लोग सालों ठीक रहते हैं, आप पॉज़िटिव रहिए, नियमित जाँच कराते रहिए. एकाही शब्दाला ती अडखळली नाही. मी ऐकत होतो आणि मला कळत होतं की ही आता स्पर्धेच्या व्यासपीठावर उभी आहे आणि समोर परीक्षक बसलाय.

मी म्हणालो, "मराठीत सांग."

ती थांबली. "बाबा, मुझे उतनी—"

"जितकी येते तितकीत."

तिनं मटाराची एक शेंग हातात घेतली आणि सोललीच नाही. तिच्या मराठीत गोड वळणं नाहीत. कुणाची समजूत घालायला जेवढे शब्द लागतात तेवढे तिच्यापाशी नाहीत. ते मला माहीत होतं, म्हणूनच मी मराठीत मागितलं होतं.

"त्या गाठीत ना," ती म्हणाली, "सगळ्या पेशी एकसारख्या नाही असत. थोड्या असतात त्या मुळाच्या. त्यांच्यातून बाकी सगळ्या होतात. दवाई ज्या भरभर वाढतात त्यांना मारते. पण त्या मुळाच्या, त्या वाढतच नाहीत तेव्हा. गप्प पडून राहतात. झोपतात. मग दवाईला त्या सापडत नाहीत."

"आणि मग?"

ती शब्द शोधत राहिली. खाली स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. तिकडे तिचं लक्ष गेलं.

"आई दह्याचं भांडं धुते ना. कधी कधी कडेला विरजण राहून जातं. एवढंसं. दिसत पण नाही. मग त्यात दूध टाकलं, तर..."

"तर सगळ्याचं दही."

"हं."

मी मटार खाली ठेवला. तिच्या पुस्तकांत या पेशींना मोठं नाव आहे, नंतर तिनं मला दाखवलं, ते मी इथे लिहीत नाही. माझ्यासाठी त्यांचं नाव त्या दुपारी ठरलं.

मी विचारलं, माझ्या कडेला राहिलंय का?

"माहीत नाही. डॉक्टरला पण नाही माहीत. मशीनमध्ये एवढंसं दिसतच नाही."

"त्याच्यावर औषध?"

"शोधतात. खूप लोक शोधतात."

"सापडलं?"

"अजून नाही."

हिंदीत ती या 'अजून नाही'च्या मागेपुढे दहा वाक्यं लावू शकली असती. मराठीत ते तेवढंच राहिलं, उघडं. मग ती म्हणाली, "बाबा, मला डर लागते. मी रोज वाचते आणि मला रोज डर लागते. तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला पण लागेल, म्हणून."

मी म्हणालो, मला तर आधीपासूनच लागते. त्या खिडकीजवळच्या गृहस्थांपासून. तुम्ही गप्प बसलात तेव्हा मला वाटलं, आतमध्ये काहीतरी दिसलंच आहे. ती म्हणाली, नाही, शपथ, दिसलं काहीच नाही. आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्या बधिर बोटांना तिचे केस नीट लागतही नव्हते. ज्याची भीती होती ते तिनं सांगितलं होतं, तरी मला थोडं हलकं वाटलं. निदान आता घरात त्या गोष्टीला नाव होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनंदा चहा घेऊन जिन्यात उभी होती. कधीपासून, ते कळलं नाही. तिनं कप ठेवले, आमच्या दोघांकडे बघितलं, सांडलेले मटार वेचले.

"दही मी लावते या घरात," ती म्हणाली. "तुम्ही दोघं नाही. विरजण राहिलं म्हणून दही लागतंच असं कुणी सांगितलं? दूध कोमट लागतं. ऊब लागते. या थंडीत माझं कितीदा लागत नाही, तेव्हा तुम्हीच कुरकुर करता."

गौरीच्या विज्ञानात याला काही आधार आहे का, मी विचारलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

ऊब

झाशीच्या थंडीत सुनंदा दह्याचं भांडं तिच्या जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे ठेवते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही रीत चुकलेली मी बघितली नाही.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या तपासणीसाठी आम्ही पुण्याला निघणार होतो, त्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. भांडं खिडकीत होतं, गार वाऱ्यात. शाल खुंटीला तशीच. सुनंदानं झाकण काढून मला दाखवलं, आत दूध होतं, पातळ, हलवलं तर हलत होतं.

"बघा," ती म्हणाली. "नाही लागलं."

तपासणीत काही दिसलं नाही. सर्जननं पुन्हा 'आत्ता' म्हटलं. मला त्या शब्दाची सवय झालेली नाही, होईल असं वाटत नाही. ज्यांना हा आजार झालाय त्यांना मी काय सांगू? भीती जाते म्हणून सांगितलं तर खोटं होईल. आमच्याकडे ती जेवायला बसते, गच्चीवर येते, गाडीत खिडकीची जागा घेते. फक्त आता तिच्याबद्दल बोलायला कुणी खोलीबाहेर जात नाही. शामराव तर तिच्यावर उपाय सुचवतात.

आता उन्हाळा लागलाय. झाशीचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, इथे वैशाखात दूध नुसतं ओट्यावर ठेवलं तरी दुपारपर्यंत त्याचं काय होतं ते. पुढची तपासणी या आठवड्यात आहे. उद्या निघायचं. खिडकीत ठेवून या दिवसांत काही उपयोग नाही, हे मलाही कळतं आणि तिलाही. मी विषय काढला नाही.

आज दुपारी पाणी प्यायला म्हणून मी फ्रिज उघडला. अगदी आत, बर्फाच्या कप्प्याला चिकटून, दह्याचं भांडं होतं. झाकण उचललं तर दूध, आणि मध्यभागी चमचाभर विरजण, तसंच्या तसं. बोटांना वीज लागली. तरी मी ते भांडं आणखी थोडं आत सरकवलं आणि दार हळूच लावून घेतलं.